जुना बोर्ड, नवं कार्ड: चाळीस हजारांच्या बजेटचं एक प्रकरण

ग्राफिक्स कार्डांची तुलना बघायला बसलं की सगळीकडे एकाच छापाचा तक्ता दिसतो, डावीकडे कार्डांची नावं, उजवीकडे एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, आणि तळाला बारीक अक्षरात एक ओळ की हे सगळं रायझन ७ ९८००एक्स३डी या महागड्या प्रोसेसरवर टेस्ट केलंय. ती ओळ कोणी वाचत नाही. आता मला सांगा, ज्याच्याकडे ९८००एक्स३डी आहे तो तीस-पस्तीस हजारांच्या कार्डाकडे ढुंकून तरी बघेल का? टेस्ट करणाऱ्यांचंही चूक नाही म्हणा, कार्डाची ताकद मोजायची तर प्रोसेसर आडवा यायला नको, म्हणून ते सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात. पण त्या तक्त्यातला क्रम तसाच उचलून पाच वर्षं जुन्या पीसीवर चिकटवला की गडबड होते. किती होते ते एका घरच्या प्रकरणावरून सांगतो.

भाचा डोंबिवलीत, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पीसी २०२० चा, तेव्हा नववीत होता आणि ऑनलाइन शाळेच्या नावाखाली ताईकडून पदरात पाडून घेतला होता. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० हे चार जीबीवालं कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि नंतर घेतलेला २४ इंची १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. बजेट चाळीस हजार, त्यातले निम्मे आजीने दिलेले आणि उरलेले भावजींकडून मंजूर करून घ्यायचे होते. दसरा २०२५ च्या आसपास घ्यायचं ठरलं. भावजींचा प्रश्न अपेक्षितच होता, "चाळीस हजाराचं नुसतं कार्ड? अरे तेवढ्यात मोठा टीव्ही येतो घरात." त्यावर भाचा मला म्हणे, "मामा, तू सांग ना बाबांना, तुझं ऐकतात ते." माझं कोणी ऐकत नाही, पण असो.

आधी विचारलं की खेळतोस काय. रोज व्हॅलोरंट, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २, आणि नव्या कार्डावर सायबरपंक २०७७, इंडियाना जोन्सचा गेम आणि "जीटीए ६ आला की तो". जीटीए ६ पीसीवर कधी येणार याची तारीखच जाहीर नाही, पण देशातली निम्मी कार्डं त्याच्या नावावर खपतात बहुतेक. शिवाय "ब्लेंडर पण शिकतोय" (ब्लेंडर म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) हे वाक्य, जे प्रत्येक पोरगा आईबाबांसमोर टाकतो. त्याच्या ब्लेंडरमध्ये एक अर्धवट डोनट होता, तोही चार महिन्यांपूर्वीचा. हा मुद्दा चेष्टेचा वाटेल पण महत्त्वाचा आहे, कारण खरंच रोजचं रेंडरिंगचं काम असतं तर मी डोळे झाकून एनव्हिडियाचं कार्ड सांगितलं असतं, ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या रेंडरिंग तंत्रामुळे ब्लेंडरमध्ये ती कार्डं स्पष्ट पुढे आहेत. इथे तसं नव्हतं, म्हणून फक्त गेमिंगचा हिशोब धरला.

आता मैदानात कोण कोण होतं. एनव्हिडियाकडून आरटीएक्स ५०६०, मे २०२५ मध्ये आलेलं, ८ जीबी जीडीडीआर७ मेमरी, १४५ वॅट, अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर. त्याच्या वर ५०६० टीआय, एप्रिल २०२५ चं, ८ जीबी ३७९ डॉलरला आणि १६ जीबी ४२९ ला, १८० वॅट. एएमडीकडून जूनमध्ये आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी, हेही दोन रूपांत, ८ जीबी २९९ डॉलर आणि १६ जीबी ३४९ डॉलर, वॅट १५०-१६० च्या घरात. आणि इंटेलचं आर्क बी५८०, डिसेंबर २०२४ चं, २४९ डॉलरला चक्क १२ जीबी. डॉलरच्या किमती फक्त आपसातलं अंतर कळावं म्हणून सांगितल्या, इथे १८ टक्के जीएसटी आणि वाटेतले सगळे हात धरून आकडा वेगळाच होतो. आम्ही विचारलं तेव्हा बी५८० साधारण सत्तावीस, ५०६० तीसच्या आगेमागे, ९०६० एक्सटी ८ जीबी एकतीस-बत्तीस, १६ जीबी अडतीस, ५०६० टीआयचं ८ जीबीवालं सदतीस आणि १६ जीबीवालं पंचेचाळीस-सेहेचाळीस असे भाव होते. दुकान बदललं की हजार-दीड हजार इकडेतिकडे.

भाच्याने एक्सेल शीट करून ठेवली होती, म्हणजे अभ्यासात दाखवत नाही ती शिस्त इथे. रुपये भागिले फ्रेम्स. ५०६० ला शंभर धरलं तर साध्या गेमिंगमध्ये, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) वगळून, ९०६० एक्सटी १६ जीबी साधारण ११० ला बसतं, ५०६० टीआय १६ जीबी ११५ च्या आसपास, बी५८० ८५ ते ९० मध्ये. ढोबळ आकडे आहेत, गेमगणिक हलतात, पण क्रम बहुतेक ठिकाणी हाच. मग भागाकार केला की ५०६० ला दर पॉइंटला ३०० रुपये, बी५८० ला जवळपास तेवढेच, ९०६० एक्सटी १६ जीबी ३४५, आणि ५०६० टीआय १६ जीबी थेट ४००. शीटचं म्हणणं स्पष्ट होतं, ५०६० घ्या आणि उरलेल्या दहा हजारांत दिवाळी करा.

आणि नेमकं इथेच शीटने विचारलं नाही की हे कार्ड लागणार कशात आहे.

पहिली गोष्ट बोर्डाची. बी४५० वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे. त्याच्या एका लेनमधून, म्हणजे डेटाच्या एका वाटेतून, सेकंदाला साधारण १ जीबी जातं. आता ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं दिसायला लांबलचक स्लॉटमध्ये बसतात पण वापरतात फक्त आठ लेन. टेस्टवाल्यांच्या नव्या बोर्डावर स्लॉट ५.० चा, तिथे आठ लेनमधून ३२ जीबी जातं त्यामुळे काही जाणवत नाही. भाच्याच्या बोर्डावर त्याच आठ लेनमधून ८ जीबी. ९०६० एक्सटी मात्र पूर्ण सोळा लेनचं आहे, त्यामुळे जुन्या बोर्डावरही त्याला १६ जीबी मिळतं, दुप्पट. बॉक्सवर हे मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही, आणि खरं सांगायचं तर जुन्या पीसीवाल्यांसाठी या पिढीतला सगळ्यात कामाचा फरक हाच आहे.

आता याचा त्रास कधी होतो? नेहमी नाही. गेमला लागणारा सगळा माल कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये मावत असेल तर आठ लेन, ३.० स्लॉट, काहीही असो, दोनचार टक्क्यांचा फरक पडतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. व्हीरॅम भरली की मात्र उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि प्रत्येक वेळी त्या स्लॉटमधून ये-जा सुरू होते. कार्डाच्या आत ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी धावते आणि बाहेर पडलं की ८ जीबी, म्हणजे एक्सप्रेसवेवरून सुसाट येऊन संध्याकाळी सातला शिळफाट्याला अडकल्यासारखं. अशा वेळी सरासरी एफपीएस एकदम कोसळतोच असं नाही, पण मधूनच झटका बसतो, कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं, किंवा गेम स्वतःच गुपचूप टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, खराब करून वेळ मारून नेतो आणि तक्त्यात नंबर मात्र छान दिसतो. भिंतीवरचा पोस्टर वाचता येत नाही आणि एफपीएस नव्वद, असा प्रकार.

म्हणजे ८ जीबी आणि आठ लेन आणि ३.० स्लॉट, हे तिन्ही एकत्र आले की दुखणं. त्यातली एक जरी गोष्ट सुटली तरी चालतं. ५०६० आणि ५०६० टीआय ८ जीबी, दोघांचं हे तिहेरी जमतं. ९०६० एक्सटी ८ जीबीला लेन सोळा आहेत त्यामुळे थोडं सुसह्य. आणि १६ जीबीवाल्या दोन्ही कार्डांना १०८०पी वर व्हीरॅम भरायची वेळच सहसा येत नाही.

यावर दुकानदाराचं आणि कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, १०८० ला आठ खूप झालं." एएमडीचे अधिकारी फ्रँक एझॉर यांनीही मे २०२५ मध्ये जाहीरपणे हेच म्हटलं होतं, की बहुतेक लोक अजून १०८०पी वर खेळतात आणि त्यांना ८ च्या वर गरज नाही, आणि त्यावरून बराच धुरळा उडाला होता. व्हॅलोरंट आणि सीएसपुरतं बोलायचं तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, तिथे ८ जीबी भरत नाही. पण फक्त तेवढंच खेळायचं असेल तर तीस हजारांचं कार्डच कशाला हवं? नवं कार्ड घेतो माणूस नव्या गेमसाठी, आणि इंडियाना जोन्ससारख्या गेममध्ये टेक्श्चर पूल, म्हणजे टेक्श्चरसाठी राखलेली मेमरी, जरा वर नेला की ८ जीबीची कार्डं १०८०पी लाच गुडघे टेकतात, २०२३ मधल्या द लास्ट ऑफ अस च्या पीसी आवृत्तीपासून ही ओरड चालूच आहे. एनव्हिडियाने ५०६० टीआय काढलं तेव्हा रिव्ह्यूवाल्यांना १६ जीबीवालं पाठवलं आणि ८ जीबीवालं पाठवलंच नाही, यात काय ते समजून घ्या. म्हणून सदतीस हजारांचं ५०६० टीआय ८ जीबी तर मी पहिल्या फटक्यात यादीतून काढलं, १०८०पी साठी ते महाग आणि १४४०पी साठी अपुरं, ते नक्की कोणासाठी आहे हे मला अजून कळलेलं नाही.

आता बी५८०, ज्याच्यावर माझा खरं तर जीव होता. १२ जीबी, १९२ बिटची रुंद मेमरी बस, सत्तावीस हजार, कागदावर याच्याएवढा सरळ सौदा दुसरा नव्हता. पण इंटेलचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो आणि जानेवारी २०२५ मध्ये जुन्या प्रोसेसरांवरच्या टेस्ट आल्या तेव्हा ते उघडं पडलं. ९८००एक्स३डी वर आरटीएक्स ४०६० ला मागे टाकणारं हे कार्ड रायझन ५ २६०० किंवा ३६०० सारख्यावर काही गेममध्ये त्याच ४०६० च्या मागे जातं. इंटेलने नंतर ड्रायव्हरमध्ये सुधारणा केल्या, काही गेममध्ये फरकही पडला, तरी ३६०० वाल्याने हे कार्ड घेणं म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याकडेच सगळ्यात जास्त मागणं. स्वस्त कार्ड जुन्या पीसीवालाच घेणार आणि जुन्या पीसीवरच ते रुसणार, हा विनोद इंटेलला कोणीतरी सांगायला हवा. नवीन प्रोसेसरवाल्याला मात्र मी आजही बी५८० सुचवेन.

मग प्रोसेसरचाच हिशोब करायला घेतला, कारण ३६०० हा जुलै २०१९ चा. इथे एक सोपी युक्ती आहे जी कार्ड घ्यायच्या आधी, जुन्या कार्डावरच करता येते. गेममधली बाकी सेटिंग नवीन कार्डावर ठेवणार तशीच हाय ठेवायची, फक्त रिझोल्यूशन पार खाली आणायचं किंवा अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) अल्ट्रा परफॉर्मन्सवर टाकायचं. चित्र भयाण दिसतं, दिसू दे. असं केल्यावर कार्डावरचा बोजा कमी होतो आणि जो एफपीएस येतो तो साधारण प्रोसेसरचा कमाल आकडा, नवीन कार्ड कितीही भारी आणलं तरी त्याच्या फार वर जाणार नाही. सगळं लो करून ही टेस्ट करू नका, गर्दीची घनता वगैरे सेटिंग प्रोसेसरवर पडतात, ती खाली नेली की आकडा खोटा फुगतो. १६५० इतकं हळू की ७२०पी लाही तेच आड येत होतं, म्हणून आणखी खाली उतरावं लागलं. सायबरपंकमध्ये बाजाराच्या गर्दीत गाडी फिरवली तर सत्तर-ऐंशीच्या पुढे काटा सरकेना. म्हणजे तक्त्यात ५०६० टीआयसमोर दिसणारे सव्वाशे-दीडशे भाच्याच्या पीसीवर येणारच नव्हते, आणि ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी यांच्यातला तो ४-५ टक्क्यांचा फरकही तिथेच विरघळत होता.

त्यामुळे पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांचं ५०६० टीआय १६ जीबी बजेटच्या बाहेर होतंच पण हिशोबातही बसेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरी त्याच्या बाजूने जे आहे ते सांगायला हवं. डीएलएसएस ४, म्हणजे एनव्हिडियाचा अपस्केलर, जास्त गेममध्ये आहे आणि १०८०पी वरही चित्र छान सांभाळतो, एएमडीचा तसाच एफएसआर ४ आता दर्जात जवळ आलाय, आधीच्या एफएसआरची ती झाडांवरची आणि जाळ्यांवरची चुळबुळ बरीच कमी झालीये, पण गेमची यादी तेव्हा छोटी होती. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचं सगळ्यात जड रूप, लावायचं असेल तर एनव्हिडिया सरळ पुढे. भाच्याला ते लावून बघायचं होतं, हौस म्हणून, पण या वर्गातल्या कुठल्याही कार्डावर पाथ ट्रेसिंग म्हणजे अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशनच्या (मधल्या फ्रेम्स कार्डाने स्वतः बनवणं) कुबड्या घेऊनच, आणि मूळ एफपीएस पन्नास-साठच्या खाली असेल तर फ्रेम जनरेशनने आकडा वाढतो पण माउस चिखलात फिरवल्यासारखा वाटतो, शिवाय ते स्वतः व्हीरॅम खातं ते वेगळंच. ८ जीबीच्या कार्डाला फ्रेम जनरेशन जोडून विकणं ही तर मला शुद्ध चलाखी वाटते.

उरले दोन पर्याय आणि इथे आमचा खरा वाद झाला. एक, ९०६० एक्सटी १६ जीबी अडतीस हजारांना आणि बाकी पीसी आहे तसा. दोन, तीसचं ५०६० आणि वरच्या नऊ-दहा हजारांत रायझन ५ ५६००, जो बीआयओएस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून याच बोर्डावर बसतो. दुसरा पर्याय वाटतो तितका वेडा नाही. तो पोरगा दिवसाचे तास घालवतो व्हॅलोरंटमध्ये, आणि व्हॅलोरंट १०८०पी वर पूर्णपणे प्रोसेसरचा गेम आहे, तिथे ५६०० ने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच कार्डाने पडणार नाही. भाच्याचा एक मित्र याच बाजूचा होता आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता, की जे रोज खेळतोस त्याच्यासाठी पैसे घाल.

मी पहिल्या बाजूला गेलो त्याचं कारण एवढंच की प्रोसेसर नंतर बदलता येतो. एएम४ चे, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसणारे, प्रोसेसर सेकंडहँडला भरपूर फिरतात, जुना ३६०० विकून थोडे पैसे वसूल होतात, आणि सहा महिन्यांनी आठ-दहा हजार जमवणं विद्यार्थ्याला जमण्यासारखं आहे. कार्डाला मात्र वरून ८ जीबी चिकटवता येत नाही. विकून दुसरं घ्यायचं म्हटलं तर ८ जीबीच्या कार्डाचा सेकंडहँड भाव दोन वर्षांनी काय असेल हे १६५० विकायला निघालेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भागाकार करायचाच तर नुसत्या कार्डाच्या किमतीला का भागा, पूर्ण पीसीला भागा, कारण फ्रेम्स पूर्ण पीसी देतो. पीसीची बाकी किंमत तीसेक हजार धरली तर ५०६० वाला पीसी साठ हजार आणि ९०६० एक्सटीवाला अडुसष्ट, म्हणजे तेरा टक्के जास्त पैसे आणि साधारण दहा टक्के जास्त वेग, वर दुप्पट व्हीरॅम आणि दुप्पट लेन. ३०० विरुद्ध ३४५ एवढं भीषण ते राहत नाही.

भावजींनी विजेचा मुद्दा काढला, कुठून तरी वाचलं असावं. १६५० ची मर्यादा ७५ वॅट, नव्या कार्डाची १६०, फरक ८५ वॅट. रोज तीन तास जड गेम धरला तर महिन्याला साडेसात-आठ युनिट, वरच्या स्लॅबने दहा-बारा रुपये युनिट धरलं तरी शंभराच्या आत. ५०६० आणि ९०६० एक्सटी यांच्यातले पंधरा वॅट तर हिशोबात धरूच नका. एसएमपीएस ५५० वॅटचा पुरेसा होता आणि कार्डाला एकच आठ पिनची केबल लागते, ती आधी कॅबिनेट उघडून आहे का ते पाहिलं. तसंच जागा मोजली. पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट केलेला होता, त्यामुळे तीन पंख्यांचं लांब कार्ड बसणारच नव्हतं, दोन पंख्यांचं घ्यायचं हे टेपने ठरवलं, रिव्ह्यूने नाही.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. ऑनलाइन भाव पाचेकशे रुपयांनी कमी होता, पण तिथे १६५० हातोहात विकता आलं आणि वॉरंटीचं बिल सिरीयल नंबर टाकून समोर घेता आलं. एका दुकानात मजा झाली. भाव ऐकून भाचा खूश, बत्तीस हजार, बॉक्सवर मोठ्या अक्षरात आरएक्स ९०६० एक्सटी. बॉक्स फिरवून खालच्या कोपऱ्यातलं बघितलं तर ८ जीबी. दुकानदार म्हणाला, "तेच कार्ड आहे हो, मेमरीच फक्त कमी." चिप तीच आहे हे खरंच आहे, तो खोटं बोलत नव्हता. वेगळ्या वस्तूला तेच नाव देण्याचं पाप वरच्यांचं, एनव्हिडिया आणि एएमडी दोघांचंही. शेवटी शेजारच्या गाळ्यात अडतीसला १६ जीबी मिळालं.

घरी आल्यावर कार्ड बसवणं पाच मिनिटांचं काम, स्क्रीन आली, ड्रायव्हर टाकला, आणि ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट ॲक्सेस मेमरी बंद दिसत होती. हीच ती रिसायझेबल बार. ती बंद असेल तर प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीची फक्त २५६ एमबीची खिडकी दिसते, चालू असेल तर सगळी. रेडिऑनला तिचा बऱ्यापैकी फायदा होतो आणि ३६०० सोबत ती चालते, पण बीआयओएस ताजा हवा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद हवं. सीएसएम बंद केलं तर विंडोज चालूच होईना, कारण २०२० मध्ये ज्याने पीसी जोडला त्याने डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडली होती. इथे बरेच लोक घाबरून सीएसएम परत चालू करतात आणि वर्षानुवर्षं तसंच खेळतात. डेटाचा बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर टू जीपीटी टूलने डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलली, आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट, फॉरमॅट मारावं लागत नाही. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी लागतातच, म्हणजे हे काम कधीतरी करावं लागणारच होतं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड मध्ये सोळा लेन, ३.० असं दिसलं आणि मग मी चहा मागितला.

निकाल अपेक्षेप्रमाणे मिश्र. व्हॅलोरंटमध्ये फरक जवळपास नाही, भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा होता, त्याला आधी सांगितलं होतं तरी. सायबरपंकमध्ये आधी लो सेटिंगवर धडपडणारा पीसी आता हायवर त्याच सत्तर-ऐंशीला जाऊन टेकला आणि कार्ड मात्र साठ-पासष्ट टक्केच वापरात. मग उलटा विचार केला. कार्ड रिकामं बसलंय तर त्याला काम द्या, टेक्श्चर पूर्ण वर, अपस्केलिंग बंद, सावल्या वर, आणि एफपीएस ७२ वर लॉक, १४४ हर्ट्झच्या बरोब्बर निम्मा. प्रोसेसरचा झटका कमी झाला आणि चित्र इतकं सुधारलं की ताई येऊन विचारून गेली की हा पिक्चर कुठला. इंडियाना जोन्समध्ये टेक्श्चर पूल वरच्या पायरीवर टाकून व्हीरॅमचा वापर ८ च्या बराच वर गेलेला दिसला, आणि ५०६० असतं तर नेमकं तिथेच ते रस्त्यावर आलं असतं.

वर्षअखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हा एएम५ या नव्या सॉकेटवर जायचा त्याचा विचार आपोआप बारगळला, डीडीआर५ चे दर बघून भावजींनीही हात जोडले. आता सेकंडहँड ५६०० किंवा ५७००एक्स शोधणं चालू आहे. ५७००एक्स३डी मिळाला तर सोनंच, पण तो आता मिळणं कठीण आणि जो विकतो तो भाव चढवून विकतो.

हेच प्रकरण दुसऱ्याचं असतं तर माझं उत्तर बदललं असतं. बोर्ड ४.० स्लॉटचा बी५५० आणि प्रोसेसर ५६०० च्या पुढचा असेल तर लेनचा मुद्दा निम्मा संपतो, आणि ५०६० टीआय १६ जीबी व ९०६० एक्सटी १६ जीबी यांच्यात चार हजारांच्या आत फरक असेल तर डीएलएसएससाठी मी एनव्हिडिया घेईन, त्यापेक्षा जास्त असेल तर नाही. फक्त ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे गेम, खेळणाऱ्याने कार्डाचा नाद सोडून प्रोसेसर बदलावा आणि कार्ड जुनंच ठेवावं. नवीन पीसी जोडणाऱ्याचं बजेट अगदी ताणलेलं असेल तर बी५८०. आणि बी४५० किंवा त्याहून जुन्या बोर्डावर ८ जीबीचं आठ लेनवालं कार्ड कोणी कितीही स्वस्तात देत असेल तरी आधी स्लॉट कुठला आहे ते बोर्डाच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघा, दोन मिनिटं लागतात.